रिटायर झालोय, सुतारकाम शिकू की कॅमेरा घेऊ? बेळगाव भागातल्यांनी सांगा

पोस्टमास्तर_अनगोळ
नमस्कार मंडळी, मे अखेरीस पोस्टातून सुटलो. सुरुवातीचे दिवस पेन्शनचे कागद, नातेवाईकांची लग्नं आणि दुपारची झोप यात कसे गेले कळलं नाही, पण आता घरात अडचण व्हायला लागलीय. स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावून झाली, ती बायकोने काढून टाकून झाली, आणि काल तिने स्पष्टच सांगितलं की काहीतरी छंद बघा नाहीतर मी माहेरी जाते. या वयात माहेरी कोण आहे तो भाग वेगळा.

मला दोन गोष्टींची पहिल्यापासून आवड. एक म्हणजे सुतारकाम, गल्लीतल्या गणपती मंडळाच्या देखाव्याची कापाकापी आणि ठोकाठोकी बरीच वर्षं माझ्याकडेच असायची, पण ते प्लायवूड आणि खिळे, खरं सांध्याचं काम कधी केलं नाही. दुसरी फोटोग्राफी, रोलचा कॅमेरा होता तेव्हा ऑफिसातल्या प्रत्येक निरोपसमारंभाचे फोटो मीच काढायचो, नंतर सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि मला कोण विचारतंय.

परिस्थिती सांगतो. गच्चीवर पत्र्याचं छोटं शेड आहे, शेजाऱ्यांची भिंत लागून आहे त्यामुळे दुपारी आवाज चालणार नाही. गुडघा थोडा कुरकुरतो. बीपीची गोळी आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. बजेट सगळं मिळून तीस-पस्तीस हजार, ग्रॅच्युइटीला हात लावायचा नाही असा घरचा आदेश आहे. युट्यूबवर बघतो तर अमेरिकेतले लोक सुतारकाम शिकवतात, त्यांच्या गॅरेजमध्ये आमच्या गल्लीतली दोन घरं बसतील, आणि प्रत्येक कामाला वेगळं मशीन, ते बघून शिकण्यापेक्षा घाबरायलाच होतं. तर दोन्हीपैकी काय धरू, आधी काय घेऊ, लाकूड कुठून आणू, आणि या वयात कोण शिकवेल? अनुभव असलेल्यांनीच सांगा, "सर तुम्ही दोन्ही करा" असं नुसतं लिहू नका.

निपाणीकर
मास्तर, दोन्ही नका करू 😀 मस्करी नाही, गंभीरपणे सांगतो. आमच्याकडे रिटायर झाल्याझाल्या लोक आधी दुकानात जातात, तिथला पोरगा काका काका करून सगळ्यात महागाची वस्तू गळ्यात मारतो, मग ती कपाटात आणि काका कट्ट्यावर. महिनाभर काहीही विकत घेऊ नका. घरात जे मोडकं आहे ते दुरुस्त करा आणि आहे त्या मोबाईलवर रोज फोटो काढा, ज्याचा कंटाळा येणार नाही तो धरा. तीस हजार कुठं पळून जात नाहीत, बँकेत व्याज तरी मिळेल.

पॅटर्नवाला_उद्यमबाग
निपाणीकर बोलले ते पटलं. पण मास्तरांनी सुतारकामाचं विचारलंय म्हटल्यावर मला राहवत नाही, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, फाउंड्रीसाठी (धातू ओतायच्या कारखान्यासाठी) लाकडी पॅटर्न करत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बिडाचं (ओतीव लोखंडाचं) कास्टिंग करायचं तर आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती करावी लागते, ती रेतीत दाबून साचा उठवतात. बीड थंड होताना मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर आकसतं म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, त्यासाठी आमची मोजपट्टीच वेगळी असते, आणि रेतीतून उचलताना साच्याची कड मोडू नये म्हणून बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यायचा. आता बरीच कामं सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) आणि रेझिनमध्ये गेली. सांगायचा मुद्दा असा की मोजमाप आणि धार ही दोन कामं जमली की बाकी सुतारकाम हळूहळू जमतं, आणि दोन्हीला मशीन लागत नाही.

सुरुवातीला एवढंच घ्या: एक बारीक दाताची करवत, एक लोखंडी रंधा, पाव, अर्धा आणि पाऊण इंचाच्या पटाश्या, काटकोन बघायचा गुण्या, मोगरी (लाकडी हातोडा) आणि दोन-चार सी क्लॅम्प. बस. पटाशी दुकानातून आणली की ती कापत नाही, लोकांना वाटतं आपला हात खराब. नवीन पटाशीला धार नसतेच, ती आपण लावायची असते. जाड काचेचा तुकडा घ्या, त्यावर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवा, 400 मग 800 मग 1500, आधी पटाशीची पाठ चमकेपर्यंत सपाट करा, मग उताराची बाजू 25-30 अंशांत धरून घासा, कड बोटाला लागायला लागली की उलटी करून पाठीवर एकदा अलगद ओढा. आंब्याच्या फळीच्या टोकावर मारून बघा, भुसा न पडता पातळ साल निघाली तर धार लागली. पहिला आठवडा यातच घालवा, आवाजही नाही आणि शेजारीही खूश.

लाकूड. सागवानाच्या मागे लागू नका. शिकायला आंबा बरा, स्वस्त, पण त्याला कीड लवकर लागते आणि ओला असला की फळी पिळते. फणस मिळाला तर सोडू नका, पिवळाधमक निघतो आणि पुढे वर्षांनी तपकिरी होत जातो. जुन्या घराची दारं-खिडक्या उतरवतात तिथलं सागवान नवीनपेक्षा चांगलं कारण ते पुरतं वाळलेलं असतं, फक्त रंधा मारायच्या आधी लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधा, नाहीतर रंध्याच्या पात्याला दात पडतील. ओलं लाकूड वाळवायचं तर इंचभर जाडीला एक वर्ष हा आमचा जुना हिशेब.

आणि एक गोष्ट युट्यूबवाले आपल्या हवेच्या हिशेबाने सांगत नाहीत. लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळपास नाहीच. बेळगावात श्रावणात दारं घासतात आणि फाल्गुनात त्याच दाराला फट पडते ते यामुळेच. तेव्हा रुंद फळी चौकटीत बसवताना चारी बाजूंनी फेविकॉल भरू नका, खाचेत मोकळी ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात मधोमध तडा. पावसाळ्यात ड्रॉवर केलात तर अगदी घट्ट बसवला तरी चालेल, मार्चमध्ये केलात तर जरा सैल ठेवा.

खानापूरचा_गडी
पॅटर्नवाले काका भारी सांगितलंसा. आमचे बाबा हेस्कॉममधनं (वीज कंपनीतनं) रिटायर झाल्यापास्नं सुतारकी करूलालेत म्हणून एक सांगूलालोय मास्तर, लाकडाचं काम शिकलासा की नाय हे गल्लीत कळू देऊ नका. बाबांनी शेजारच्या आज्जीला एक पाट करून दिला, फुकट. त्यानंतर भावकीतनं रांग लागली बघा, कुणाला देव्हारा, कुणाला पोळपाट, एक मामा तर दिवाणच मागाय आलते, वर म्हणतात तुमाला काय वेळच हाय नव्हं. लाकूड बी बाबांचं, वेळ बी बाबांचा, आणि एवढं करून लोक म्हणतात पॉलिश जरा कमी झालंय. आता बाबांनी नियम केलाय, नातवंडांची खेळणी सोडून काय करायचं नाय, आणि दुसऱ्याला करायचंच तर लाकूड त्यानं आणायचं. गाडी, भोवरा, छोटा नांगर असलं करूलालेत, लई खूश हायत.

आणि दुसरं म्हणजे शेतात सागाचं झाड हाय म्हणून कोण फुकट देतो म्हटलं तर लगेच हो म्हणू नका, स्वतःच्या रानातला साग तोडायला बी वनखात्याची परवानगी लागते आणि वाहतुकीला पास लागतो. वखारीतनं पावती घेऊन घ्या, डोक्याला ताप नाय.

हिंदवाडी_अक्का
सगळे लाकडावरच तुटून पडलेत, कॅमेऱ्याची बाजू घ्यायला कोणीच नाही म्हणून लिहिते. मी कॉलेजमधून रिटायर झाले, तेव्हापासून फोटो काढते, आणि अजून मोठा कॅमेरा घेतलेला नाही. मास्तर, तुमच्याकडे तीन-चार वर्षांतला बरा मोबाईल असेल तर तो पुरेसा आहे. फोटो काढताना ज्यावर प्रकाश नीट पाहिजे तिथे बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो, मग बोट वरखाली सरकवून उजेड कमी करा. ऊन असलेल्या फोटोत उजेड थोडा कमीच ठेवावा, पांढरं जळून गेलं की परत येत नाही, अंधारातलं थोडंफार उजळता येतं.

आता कुठे काढायचे. लोक म्हणतात फोटोग्राफी म्हणजे फिरणं आलं आणि गुडघे गेले. पण बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती घ्या, जुनं जैन मंदिर, 1204 मधलं, रट्ट राजांच्या काळातलं. आत छताला दगडाचं कमळ लोंबतंय, सगळे मान वर करून हलवून फोटो काढतात आणि तो धूसर येतो कारण आत अंधार असतो. ट्रायपॉड न्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मी काय करते, जमिनीवर रुमाल पसरते, दहा सेकंदांचा टायमर लावते, मोबाईलची स्क्रीन खाली आणि मागचा कॅमेरा छताकडे करून बरोबर कमळाखाली ठेवते आणि बाजूला होते. हात हलत नाही, कमळ मधोमध येतं, पाकळीन् पाकळी दिसते. फक्त टायमर लावून पटकन बाजूला व्हा, नाहीतर फोटोत कमळाऐवजी तुमची हनुवटी येते. वाकायला त्रास असेल तर नातवाला घेऊन जा, त्याला हा उद्योग फार आवडतो.

दुसरं, शहापूर-वडगावच्या गल्ल्या. जुन्या घरांच्या दारांवरच्या गणेशपट्ट्या, कोरीव खांब, आणि वडगावात अजून माग चालतात त्यांच्या खिडकीतून येणारा उजेड. सकाळी नऊच्या सुमारास विणकर बसलेला असतो आणि उजेड बाजूने सुतावर पडतो. आधी विचारायचं, दोन-तीनदा नुसतं बसून चहा प्यायचा, मग कॅमेरा काढायचा, आणि पुढच्या खेपेला त्याच फोटोची प्रिंट नेऊन द्यायची. प्रिंट दिली की माणूस ओळखायला लागतो, व्हॉट्सअपवर पाठवलं की नुसता अंगठा येतो. कॅम्पात मात्र मराठा लाइट इन्फंट्रीच्या परिसरात आणि सांबऱ्याला एअरफोर्सच्या बाजूला फोटो काढत फिरू नका, उगाच चौकशी मागे लागते. भीमगड अभयारण्याकडे जायचं तर वनखात्याला विचारून.

थंडीत धूपदाळला जा, घटप्रभेच्या बंधाऱ्यावर. परदेशातून करकोचे आणि क्रौंच येतात. पक्ष्यांना मात्र मोबाईल पुरत नाही हे खरं, पण दुर्बीण घेऊन नुसतं बघायला काय हरकत आहे, सगळ्याचा फोटोच कशाला पाहिजे.

पोस्टमास्तर_अनगोळ
सगळ्यांचे आभार. अक्का, तुमची टायमरची युक्ती काल घरातल्या पंख्यावर करून बघितली, बायको म्हणाली आता पंख्याचे फोटो काढायला लागले. दोन शंका आहेत. एक, पॅटर्नवाले साहेब, मला लेथ घ्यायची फार इच्छा आहे, म्हणजे लाकूड फिरवून गोल कातायचं छोटं मशीन, लाटणी-भोवरे करायला. आणि तो हातात धरायचा, लोखंड कापायचा-घासायचा कटर असतो त्याला लाकडाचं पातं लावून वापरतात म्हणे, काम पटापट होतं. दुसरी अक्कांना, मुलगा पुण्याहून त्याचा जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) पाठवतो म्हणतोय, दोन पावसाळे कपाटात पडलेला आहे. घेऊ का?

पॅटर्नवाला_उद्यमबाग
कटरचं नाव काढू नका. तो लोखंड घासायला बनवलेला आहे, लाकडाचं दातेरी पातं त्यात अडकलं की झटका देऊन अंगावर येतो, धरायच्या आत. आणि तुम्हाला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणता, साधी पटाशी लागली तरी रक्त लवकर थांबणार नाही. पहिलं वर्ष फक्त हातहत्यारं. डॉक्टरांना विचारून ठेवा आणि शेडमध्ये स्वच्छ कापड, पट्टी, फोन हाताशी ठेवा. पटाशी मारताना दुसरा हात कधीही धारेच्या पुढे नको, दोन्ही हात मागे आणि लाकूड क्लॅम्पमध्ये.

लेथची हौस समजते, पण तो नंतर, आणि कुणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकल्यावर. लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, लोकांना वाटतं मोजे म्हणजे सुरक्षा, फिरत्या वस्तूत मोजा अडकला तर हातच आत जातो. बाही वर, गळ्यातलं काढून. सागाची बारीक धूळ नाकाला आणि कातडीला बऱ्याच जणांना बाधते, एन 95 मास्क लावा, दमा असेल तर पॉलिश पेपर कोरडा मारूच नका. कामाचं टेबल मनगटाच्या उंचीचं करा, वाकून रंधा मारलात तर गुडघ्याआधी कंबर जाईल.

शिकवणारा म्हणाल तर गल्लीतल्याच एखाद्या जुन्या सुताराकडे दिवसाला तासभर जाऊन बसा, त्याला मदत करा, फळी धरा, भुसा झाडा. पैसे द्या, फुकट शिकवा म्हणू नका, त्याचं पोट आहे त्यावर. मुलाच्या वयाचा असला तरी त्याला अहोजाहो करा, मग बघा कसा हात धरून शिकवतो.

हिंदवाडी_अक्का
डीएसएलआर फुकट येतोय तर घ्या, पण आधी लेन्स काढून त्यात बॅटरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर बुरशी आहे. थोडी असली तर साफ करणारे मिळतात, जास्त असली तर लेन्सपेक्षा सफाई महाग. आपल्याकडे जूनपासून हवा इतकी दमट की कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका, रंग बदलला की गरम करून वाळवा आणि परत टाका. आतली आर्द्रता 40-50 टक्के राहिली की झालं, दोनशे-तीनशे रुपयांना मिटर मिळतो. आणि कॅमेरा वापरात ठेवा.

एक आणखी, वय विचारत नाही पण साठी झाली म्हणजे डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू पिकत असताना डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि आपल्याला ते कळत नाही, सगळे रंग ठीकच वाटतात. माझं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मधल्या काळात एका डोळ्याने भिंत पांढरी आणि दुसऱ्याने दुधाच्या सायीसारखी दिसत होती. मोबाईलवर रंग कमीजास्त करताना याचा फरक पडतो.

आणि पावसाळ्यात घरात बसून करायचं सगळ्यात चांगलं काम कोणी सांगितलंच नाही. जुने फोटो. घरातल्या अल्बममधले काळेपांढरे फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, ऊन थेट नको, फ्लॅश बंद, मोबाईल बरोबर समांतर धरून एकेक कॉपी काढा. काचेच्या फ्रेममधले असतील तर बाहेर काढून, पण कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच काढा. मागे नावं लिहिताना बॉलपेन नको, दाब पडून पुढे उमटतं, मऊ पेन्सिल. आणि मोठ्या माणसांना आत्ताच विचारा हा कोण, ही कोण. आमच्या घरी एका फोटोत पागोटं घातलेले गृहस्थ आहेत, चार जणांनी चार नावं सांगितली, त्यातलं एक तर सोयरिकीतलंच नाही.

निपाणीकर
मास्तर, एवढं वाचून तुमचं काय ठरलं ते सांगा, नाहीतर हा धागा दिवाळीपर्यंत चालेल.

पोस्टमास्तर_अनगोळ
ठरलं. डीएसएलआर मागवतो, बुरशी निघाली तर परत पाठवतो. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जातोच, तिथे झाडं-पक्षी बघत मोबाईलवर हात बसवेन. आणि दुपारनंतर गच्चीवर पटाशीला धार. लेथचं नाव काढणार नाही (सध्या). एक डोक्यात आलंय, अक्का म्हणतात प्रिंट करा, मग फ्रेम आपणच करायची, म्हणजे दोन्ही छंद एकाच कामात. पहिलं काम फोटोफ्रेमचं धरू का?

पॅटर्नवाला_उद्यमबाग
फ्रेम दिसायला सोपी, करायला नाही. चार कोपरे म्हणजे 45 अंशांचे आठ काप. प्रत्येक कापात अर्धा अंश इकडेतिकडे झालं तर तीन कोपरे तुम्ही दाबून जुळवाल आणि चौथ्यात चार अंशांची फट येईल. त्यापेक्षा पहिल्या फ्रेमला तिरका काप नकोच. दोन्ही पट्ट्या अर्ध्या जाडीपर्यंत कापून एकमेकींवर बसवा, अर्धा सांधा म्हणतो आम्ही. गुण्याने आखणी, करवत रेघेच्या आतल्या अंगाला, उरलेलं पटाशीने. सांधा दिसतो, पण दिसू दे, लाजायचं काय त्यात. मागून काच बसायला पाव इंचाची खाच ठेवा.

हिंदवाडी_अक्का
मग मला एक अर्ध्या सांध्याची करून द्या. 8 बाय 12, कमळाचा फोटो लावायचाय. साग नको, फणस मिळाला तर बघा. काच मी आणते.

खानापूरचा_गडी
मी काय सांगूलालतो 😂 पटाशी यायच्या आधी ऑर्डर आली. मास्तर नियम आठवा, लाकूड बी त्यांनीच आणायचं.

हिंदवाडी_अक्का
आणते की. वखार कुठली ते तेवढं सांग.

खानापूरचा_गडी
अक्का आमच्या बाबांकडं फणसाच्या दोन फळ्या पडूनच हायत, चांगल्या वाळल्यात. रविवारी बेळगावला येऊलालोय, घेऊन येतो. फळीचं पैसे नकोत, मास्तरांनी उरलेल्या तुकड्यातनं आमच्या पोराला एक गाडी करून द्यायची.